बर्फावरचं गोणपाट

प्रिय सुलक्षणा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. दोघी एकदम सुरू होतो, मग तू म्हणतेस आवाज येत नाही आणि ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. माझ्या दिराचा प्रीतम शिमग्याला गावी येतोय, त्याच्या हातात देते. त्याला सांगितलंय, पालखी घरातून पुढे गेली, पाहुणे पांगले की मग दे. आधी दिलं तर ती एक डोळा घावनांवर ठेवून वाचेल आणि अर्ध्यात डब्याखाली सरकवेल. मी ओळखत नाही का तुला? भांडुपच्या चाळीत एका नळावर भांडून मोठ्या झालो आपण.

पहिलं म्हणजे, तुझं मन शांत झालं ते बरं झालं. तुझी श्रुतिका मे महिन्यात कुडाळला परत येणार, तिच्या मामाच्या, म्हणजे चंद्रप्रकाशभाऊंच्या ऑफिसात बसणार. कायमची जागा, घरचं जेवण, डोक्यावर मामाचा हात. रविवारी ती फोनवर तुला हो म्हणाली तेव्हा मी तिथेच गवार मोडत बसले होते. नंतर तू मला फोन द्यायला लावलास आणि म्हणालीस, सुगंधा, सुटले गो मी. मी बरं म्हटलं आणि डाळ लागतेय असं सांगून ठेवून दिला. डाळ लागत नव्हती.

तुला तात्पुरती या शब्दाची किती धास्ती आहे ते मला माहीत आहे, आणि त्याला मी हसणार नाही. गिरणी तात्पुरती बंद आहे असं म्हणत तुझे बाबा रोज सकाळी डबा घेऊन चाळीतून बाहेर पडायचे. कुठे जाऊन बसायचे कोणालाच कळलं नाही. तू शाळा सोडून शिवणाच्या मशीनवर बसलीस ती त्याच्याच पायी. आता तुझ्या मुलीला शाळेच्या नेमणुकीची ऑर्डर दर वर्षी नवी मिळते आणि त्यावर तोच शब्द असतो, तर तू दचकणारच. पण मला एक सांग, दोन वर्षं ती माझ्या घरी राहते, माझ्याच शाळेत शिकवते, तू दर रविवारी फोन करतेस. पगार झाला का विचारतेस, ऑर्डर आली का विचारतेस, स्थळाचं विचारतेस. ती त्या वर्गात दिवसभर करते काय, हे एकदा तरी विचारलंस? नाही ना? मग मी सांगते. तिला विचारलंस तर ती म्हणेल, काही नाही गं आई, शिकवते. माझं स्टूल तिच्या वर्गाच्या दाराशी आहे. मला सगळं दिसतं आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं.

अंधेरीतली आमची शाळा कोळीवाड्याला लागून. निम्मी मुलं कोळ्यांची, बाकीची वरच्या वस्तीतली. मी तिथली मावशी, म्हणजे घंटा माझी, पाण्याची टाकी माझी, कोणी ओकलं तर तेही माझंच. स्वतः चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे शिकवण्यातलं मला कळतं असं मी म्हणत नाही. पण पोरांबद्दल माझं मत सरळ होतं. टेबलावर पट्टी आपटली की पोरं लिहितात. श्रुतिका नवीन आली तेव्हा तिने पट्टी कपाटात ठेवून दिली. मी मनात म्हटलं, लागली हिची वाट.

आणि लागायचीच. यंदा तिला मिळाली ही तिसरी. फळ्याजवळ चित्र लावायची आणि सांगायची, दहा मिनिटांत याच्यावर पाच वाक्यं लिहा. दहा मिनिटं म्हणजे काय ते त्या मुलांच्या गावीही नव्हतं. घड्याळ भिंतीवर आहे, पण घरी सगळी मोबाइलवरचे आकडे बघणारी, काटे कोणाला वाचता येतात? विपुल म्हणून एक आहे, तो बाई खुर्चीत बसायच्या आत वही आपटायचा. काय लिहायचा, तर झाड आहे, माणूस आहे, झालं. चार-पाच जण अर्धा वेळ पेन्सिलीला टोक काढण्यात घालवायचे. आणि एक पूर्वी. कोळीवाड्यातल्या महादूची नात, त्याची स्वतःची बोट आहे. पोरीचं अक्षर असं की लग्नपत्रिकेवर छापावं. पहिलं वाक्य लिहायची, बघत बसायची, खोडायची, पुन्हा लिहायची. मग बाई सवयीने म्हणायच्या, चला, थोडाच वेळ राहिलाय. तेवढं कानावर पडलं की पूर्वी पेन्सिल खाली ठेवायची. हात मांडीवर. रडणं नाही, काही नाही. वही मागितली की हसून द्यायची. आधीच्या बाईंनी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहून ठेवलं होतं की मुलगी मंद आहे. तिच्या आईलाही ते पटलेलं. मला विचारशील तर मलाही पटलेलं.

तुझ्या मुलीला पटलं नाही. एक दिवस घरी आली आणि चहा घेताना मला विचारते, मावशी, एक मिनिट म्हणजे केवढं? मी म्हटलं, केवढं म्हणजे, मिनिटाएवढं, तू चहा पी, त्याच्यावर साय धरली. तिचा चहा नेहमी साय धरतो. तिच्या आंघोळीची तर बातच सोड, बादली भरते, सांडते, ही आत काय करते देव जाणे. जी स्वतः कधी वेळेवर दप्तर भरत नाही ती पोरांना वेळ शिकवणार, असं मी तिला तोंडावर सुनावलं. तर म्हणते, म्हणूनच मला कळतं ना त्यांना काय होतं ते.

दुसऱ्या दिवशी तिने मुलांना डोळे मिटायला सांगितले. एक मिनिट झालं असं ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं. मी दारात होते, मलाही म्हणाली, मावशी तूही. मी डोळे मिटले, बराच वेळ थांबले आणि उभी राहिले. डोळे उघडून बघते तर अख्खी तिसरी अजून बसलेली. मी सगळ्यांच्या आधी. विपुलच्या पण आधी. पोरं फिदीफिदी हसली. मी म्हटलं, माझं मिनिट झालं, मला टाकी बघायचीय. आणि पूर्वी, सगळे उभे राहिले तरी डोळे मिटून बसलेली. शेजारणीने हलवलं तेव्हा उठली. माझं मिनिट सुरू व्हायच्या आत संपलं होतं आणि तिचं संपतच नव्हतं. आठवडाभर रोज तो खेळ चालला. मी टाकीचं निमित्त करून सटकायचे, पण कोण कधी उठतं ते खिडकीतून बघायचे. हळूहळू सगळी जवळपास एकदम उठायला लागली. पूर्वीसुद्धा.

मग तिला वाटलं, वेळ मुलांना डोळ्यांनी दिसायला हवा. घड्याळात नाही दिसत, कारण काटा फिरतो तो कळत नाही. तर तिने काय करावं? टेबलावर उदबत्ती लावली. म्हणाली, ही संपेपर्यंत लिहायचं, किती उरली ते प्रत्येकाला दिसेल. कल्पना झकास. फक्त पोरांनी काय केलं, सगळ्यांनी पेन्सिली ठेवल्या, हात जोडले आणि डोळे मिटले. उदबत्ती पेटली की आणखी काय करायचं असतं? एकाने सुरुवात केली आणि सगळा वर्ग प्रार्थना म्हणायला लागला. शेवटी वासावर आमचे हेडमास्तर नंदकिशोर सर आले आणि हळूच विचारतात, आज कोणाची जयंती आहे का, मला परिपत्रक आलं नाही. मी बाहेर पदर तोंडात कोंबून बसले होते. श्रुतिका घरी आल्यावर हसली, पण रात्री जेवताना म्हणाली, चूक माझी आहे, वस्तू निवडताना ती त्यांच्या घरी कशाला वापरतात ते मी बघितलंच नाही. सुलू, मी या शाळेत पुष्कळ बाई आणि सर बघितले. पोरं चुकली तर पोरांना बडवणारे. आपली चूक अशी ताटात घेऊन बसणारी ही पहिलीच.

त्यानंतर बर्फ. माझ्या फ्रिजमधला, वाटीत लावलेला. सकाळी डब्यात घालून न्यायची आणि वर्गात थाळीत उपडा करायची. हा विरघळेपर्यंत लिहायचं. कोळ्यांच्या पोरांना बर्फ म्हणजे घरचा माणूस. त्यांना बरोबर कळायचं, आता अर्धा गेला, आता सुपारीएवढा राहिला. पेन्सिलीला टोक काढणारे सुद्धा एक डोळा थाळीवर ठेवून लिहायला लागले. पूर्वी मात्र तशीच. दोन वाक्यांपर्यंत यायची, थाळीत पाणी जास्त आणि बर्फ कमी दिसला की हात मांडीवर.

आणि एक दिवस ते घडलं. बर्फ ठेवला, सगळे लिहायला लागले, श्रुतिका मागच्या बाकावर कोणाला तरी समजावत होती. पूर्वी उठली, दप्तरातून काहीतरी काढलं आणि टेबलाशी जाऊन आली. मला वाटलं टोक काढायला गेली. थोड्या वेळाने मी आत डोकावले तर थाळीतल्या बर्फावर गोणपाटाचा तुकडा. नीट चारी बाजूंनी दाबून बसवलेला, मासळी बाजारात टोपलीवर बसवतात तसा. घरून दप्तरात घालून आणला होता गं तिने. आदल्या दिवशी ठरवून. वाक्यं लिहून झाली, विपुल वही देऊन फळ्याखाली लोळायला लागला, तरी वेळ संपेना, कारण बर्फ संपेना. छोट्या सुट्टीपर्यंत टिकला. आणि पूर्वी आपली मान खाली घालून लिहितेय. पाचही वाक्यं.

माझ्या हातात असती तर एक चापटी बसली असती. बाईला फसवतेस म्हणून. श्रुतिकाने गोणपाट उचललं, खालचा बर्फ बघितला, आणि जी हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पूर्वीच्या बाकाशी उकिडवी बसली आणि विचारलं, तुला जास्त वेळ कशाला हवा होता? पूर्वी म्हणाली, मला येत होतं, पण बर्फ माझ्याआधी जात होता. एवढंच. या पोरीला मंद म्हटलं होतं आम्ही. तिने वेळ लांबवायचा उपाय शोधून, कोणाला न विचारता, भर वर्गात करून दाखवला होता.

मला वाटलं आता ही तिला जास्त वेळ देणार. नाही दिला. म्हणाली, गोणपाट दर वेळी नाही चालणार, परीक्षेत तर नाहीच. मग सगळ्या वर्गाला विचारलं, समजा बर्फ थोडाच आहे आणि मासळी पुष्कळ, तर बर्फ आधी कशावर घालाल? बापरे. वर्गात बाजार भरला. विपुल ओरडला, पापलेटवर, महाग असतं. पूर्वी, जी कधी तोंड उघडत नाही, ती उभी राहिली आणि म्हणाली, येड्या, बोंबील आधी, तो पहिला खराब होतो. विपुल म्हणाला, बोंबील गेला तर गेला, सुकवता येतो. ती म्हणाली, तुझ्या घरी विचार, नरम पडलेला बोंबील कोण सुकवतो. वस्तीतली पोरं टकामका बघत होती, त्यातली एक म्हणाली, आमच्याकडे फ्रिज आहे. श्रुतिकाने कोणाला गप्प केलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, दोघांचं बरोबर आहे. आता हाच विचार प्रश्नपत्रिकेवर करा. जास्त गुण कशाला आहेत ते बघा, आणि विसरायच्या आत काय लिहायला हवं तेही बघा. कोणाचं पापलेट आणि कोणाचा बोंबील ते ज्याचं त्याने ठरवायचं. फक्त बर्फ केवढा आहे ते बघून ठरवायचं.

मग चिमटे आले. कपडे वाळत घालायचे चिमटे, माझे. मला आधी कळेना चादर खाली कशी पडते, तर दोरीवरचे निम्मे चिमटे तिसरीत. प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याची पट्टी, त्यावर तीन रंग. हिरव्यात वाचायचं आणि विचार करायचा. पिवळ्यात लिहायचं. शेवटी छोटासा लाल, त्यात मागे जाऊन बघायचं, काही राहिलंय का. श्रुतिका टेबलावरच्या मोठ्या पट्टीवर चिमटा सरकवते, मुलं आपापल्या. चला, आटपा, वेळ संपत आला, यातलं काही ती बोलत नाही. काम द्यायच्या आधी विचारते, किती वेळ लागेल असं वाटतं? पोरं वाट्टेल ते सांगतात. झाल्यावर विचारते, किती लागला? आणि का लागला? विपुलला एकदा विचारलं, तुझ्याकडे अजून सगळं पिवळं उरलंय, त्याचं काय करणार? तो म्हणाला, घरी नेतो. तिने त्याला तेवढ्या वेळात झाडावर आणखी काय दिसतं ते शोधायला लावलं, तर त्याला घरटं दिसलं. महिनाभर चित्र तिथेच होतं आणि याला घरटं आता दिसलं.

आणखी एक गोष्ट ती करते, ती मला फार आवडली. काम संपलं म्हणजे नेमकं काय झालं, हे आधी सांगते. छान लिहा, असं नाही. पाच वाक्यं, प्रत्येकात चित्रातली एक नवी गोष्ट, मग संपलं. मला ती म्हणाली, मावशी, किती वेळ आहे एवढंच सांगितलं आणि काय पुरं करायचंय ते सांगितलं नाही, तर माणूस नुसता घड्याळाकडे बघत घाबरतो.

तक्रारी झाल्या नाहीत असं समजू नकोस. पूर्वीचा आजा महादू एक दिवस लुंगीवरच शाळेत आला. बर्फाशी खेळायला पोरगी शाळेत घालतो का मी, बर्फ आमच्याकडे रग्गड पडलाय, असं पार नंदकिशोर सरांच्या खोलीपर्यंत ऐकवलं. तुझी मुलगी उठून उभी राहिली, त्याला नमस्कार केला आणि म्हणाली, आजोबा, बसा जरा वर्गात. बसला मागच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन. तास संपेपर्यंत सगळं बघितलं. तेव्हापासून बर्फ त्याच्याकडून येतो. मोठा चौकोनी तुकडा, भुसा लावलेला. आणि देताना दर वेळी मला ऐकवतो, फ्रिजचा बर्फ म्हणजे काय बर्फ, पाण्याला थंडी वाजली एवढंच.

मागच्या महिन्यात घटक चाचणी झाली. चाचणीत बर्फ नाही, चिमटे नाहीत, फक्त भिंतीवरचं घड्याळ आणि माझी घंटा. मी स्टुलावर बसून होते, पण नजर आत. पूर्वीने पेपर घेतला आणि लगेच लिहायला लागली नाही. बोट ठेवत ठेवत खालपर्यंत गेली, मग वर आली, मग मधलाच प्रश्न धरला. मी मनात म्हटलं, हिने बोंबील निवडला. लिहिता लिहिता मान वर करून घड्याळाकडे बघायची आणि पुन्हा खाली. हात मांडीवर गेला नाही. वेळ संपायला बराच अवकाश असताना तिने हात वर केला आणि म्हणाली, बाई, शेवटच्या प्रश्नात गोष्ट लिहायचीय, तिला मला जास्त वेळ लागेल, मिळेल का? श्रुतिका म्हणाली, आज सगळ्यांना सारखाच आहे बाळा, मग काय करशील? पोरीने विचार केला. गोष्ट सोडली, दोन छोटे प्रश्न उरकले, आणि मग गोष्टीकडे परत आली. घंटेची वेळ झाली तेव्हा ती गोष्टीच्या मध्यावर होती. आणि सुलू, मी, जी सगळ्यांच्या आधी उभी राहते, माझा हात घंटेच्या दोरीवर गेला आणि तिथेच थांबला. म्हटलं, लिहू दे अजून दोन ओळी, कोणाला कळतंय. श्रुतिकाने दारातून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. फक्त मान हलवली, वाजव. मी वाजवली. माझ्या जिवावर आलं होतं.

पूर्वीने पेन्सिल ठेवली. वही देताना शेजारणीला म्हणते, माझी गोष्ट अर्धी राहिली, पुढच्या वेळी तीच आधी घेणार. आणि पाणी प्यायला पळाली. अर्धी राहिली म्हणून तोंड पाडलं नाही, की हसून वेळ मारून नेली नाही. मी तिथे उभी, हातात दोरी, आणि मला वाटलं की ही पोरगी आता कुठल्याही परीक्षेला बसली तरी निभावेल. तिच्यासाठी मी घंटा लांबवली असती तर ते गोणपाटच झालं असतं. तुझ्या मुलीला ते कळलं, मला नाही. पुढच्या वर्षी ही मुलं चौथीत जातील, तिथे पेपर मोठे, आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बाहेरचे लोक समोर बसतात, ते कोणाचं तोंड बघत नाहीत. पूर्वीने आपणहून नाव दिलंय त्या परीक्षेला. तिच्या आईने मला दोनदा विचारलं, खरंच दिलं का.

हे सगळं तुला का सांगते, तर तुला वाटतं तुझी मुलगी इथे दिवस काढते आहे. ती दिवस काढत नाही. तिच्यात ऐब आहेत, मी तुला सांगितले, दूध उतू घालवते, ओला टॉवेल पलंगावर टाकते, आणि कोणी मोठ्याने बोललं की तिचं तोंड बंद होतं. वर्गात चाळीस पोरांपुढे न घाबरता बोलते, महादूपुढे बोलते, नंदकिशोर सरांना सांगते की सर, घंटेआधी वह्या गोळा करायला लावू नका. फक्त तुझ्या फोनवर तिचा आवाज वेगळा निघतो. हो आई, बरं आई, बघते आई. तू समोर नसतेस म्हणून तुला दिसत नाही, ती तेव्हा भिंतीचा रंग नखाने खरवडत असते. माझ्या पलंगामागची भिंत एवढी एवढी उघडी पडलीय. तुला घाबरते असं नाही म्हणत मी. तुला दुखवायला घाबरते. तुझ्या बाबांच्या डब्याची गोष्ट तिला तुझ्याइतकीच पाठ आहे.

आता खरं सांगते, हे पत्र का लिहिलं ते. रविवारी ती तुला हो म्हणाली. सोमवारी नंदकिशोर सरांनी सगळ्यांना बोलावून पुढच्या वर्षाचे वर्ग विचारले. मी चहा घेऊन आत होते. श्रुतिकाला म्हणाले, तुमची ऑर्डर पुन्हा होईल असं वाटतं, कोणता वर्ग घ्याल? ती म्हणाली, चौथी, सर, हीच मुलं. विचार न करता म्हणाली. मग तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. घरी येताना ती भाजीवाल्याशी उगाच घासाघीस करत राहिली. म्हणजे एक हो तुला दिलाय आणि एक सरांना, आणि दोन्ही खरे असू शकत नाहीत. तू वाडीत पेढे वाटतेस, सर वेळापत्रकात नाव घालतायत, आणि मधे ती पोरगी काहीच बोलत नाही. ती राहिली तर मला बरं वाटेल, ते मी लपवत नाही, घरात माणूस लागतं. पण माझं राहू दे, आणि चंद्रप्रकाशभाऊंचंही घटकाभर राहू दे. तू तिला मे म्हणालीस, पण मेपर्यंत तिने तुला काय दाखवावं म्हणजे तुझी धास्ती जाईल, ते कधी सांगितलंच नाहीस. ते सांग. आणि मग विचार, बाळा, तुला काय करायचंय? ती लगेच नाही बोलणार. तिचा चहा साय धरतो, तसंच तिचं बोलणंही. तेवढा वेळ तुला आणि मला दोघींना जड जातो, म्हणून आपण मधेच बोलून टाकतो आणि ती हो म्हणून सुटते. ती कुडाळ म्हणाली तर मी स्वतः तिची बॅग भरेन, चिमट्यांसकट. फक्त तू विचार, आणि ती बोलेपर्यंत गप्प राहा गो बाय, डाळ लागली तरी लागू दे.

तुझीच,
सुगंधा